आई ‘निगेटिव्ह’, वडील ‘एएस’, मुलगा ‘एसएस’: इंट्रॉनमधल्या पाचव्या अक्षराचं प्रकरण

टेबलावर तीन रिपोर्ट होते. वडिलांचा रिपोर्ट सिकलसेल वाहक, म्हणजे विदर्भात ज्याला सगळे ‘एएस पॅटर्न’ म्हणतात तो. आईची सोल्युबिलिटी चाचणी, म्हणजे सिकलची साधी प्राथमिक तपासणी, निगेटिव्ह. आणि चार वर्षांच्या मुलाच्या कागदावर ‘एसएस पॅटर्न’ असा शिक्का. एसएस व्हायचं तर सिकलचं एक जनुक आईकडून आणि एक वडिलांकडून यावं लागतं. आईकडे ते नाहीच, मग मुलाला दुसरं आलं कुठून?

वर्गात विचारला तर हा दोन गुणांचा प्रश्न. नागपुरात दिघोरीकडच्या एका घरात मात्र त्याने सहा-सात महिने कोणाला नीट झोपू दिलं नव्हतं. आमच्याकडे हे कुटुंब आलं ते बालरोगतज्ज्ञांच्या चिठ्ठीवर. चिठ्ठीत एकच ओळ होती: ‘रिपोर्ट जुळत नाहीत, कृपया पाहावे.’ ओळख पटू नये म्हणून घरचे तपशील मी बदलले आहेत. वैद्यकीय भाग तसाच ठेवला आहे, कारण सगळं प्रकरण त्यातच आहे.

घरी काय चाललं होतं

वडील हिंगण्याच्या एमआयडीसीत कामाला. आपण वाहक आहोत हे त्यांना कॉलेजातल्या तपासणी शिबिरापासून माहीत होतं, आणि लग्न ठरवताना त्यांनी ते लपवलं नव्हतं. उलट मुलीची सिकलची तपासणी करून घ्या, असा आग्रह त्यांनीच धरला. भंडारा जिल्ह्यातल्या माहेरी तिची चाचणी झाली, निगेटिव्ह आली, आणि ‘काही प्रॉब्लेम नाही’ म्हणून दोन्ही घरं निर्धास्त झाली.

मुलगा सव्वा वर्षाचा असताना त्याच्या हातापायांची बोटं सुजली. घरच्यांना वाटलं, काही चावलं असेल. पुढे थंडीत पाय दुखतात म्हणून तो रडायचा. एका उन्हाळ्यात उलट्या-जुलाबानंतर इतकं अंग दुखलं की दवाखान्यात ठेवावं लागलं. तिथे सिकलची चाचणी पॉझिटिव्ह आली, मग एका खासगी प्रयोगशाळेत इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार पट्टीवर वेगळे करून दाखवणारी चाचणी, झालं आणि ‘एसएस’ लिहून आलं.

तिथून कुजबुज सुरू झाली. थेट कोणी काही बोललं नाही. आजी म्हणायची, बाळ दवाखान्यातच बदललं असेल. एका काकूंनी त्याहून वाईट शंका घेतली. आईच्या कानावर ती गेली, तेव्हापासून तिने माहेरचा फोन उचलणंही कमी केलं होतं. आमच्यासमोर बसल्यावर आजीच आधी बोलल्या, “मॅडम, आम्ही काही म्हणून नाही राहिलो सूनबाईला. पण रिपोर्टच असं म्हणून राहिला ना.”

त्या वाक्यात आरोप होता आणि भीतीही होती. शंका घेणारं माणूस रिपोर्टवर विश्वास ठेवत होतं, हे लक्षात घेण्यासारखं आहे. चूक विज्ञानावर विश्वास ठेवण्यात नव्हती, अर्धवट रिपोर्टला पूर्ण समजण्यात होती.

कागद पुन्हा वाचताना

मुलाचा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा रिपोर्ट, पाहिला. हिमोग्लोबिन ८.१. रक्तपेशींचा सरासरी आकार, म्हणजे एमसीव्ही, ६२. इथेच थांबायला हवं होतं. निव्वळ एसएस असलेल्या मुलात हिमोग्लोबिन कमी असतं, पण पेशी अशा बारक्या नसतात. बारकी पेशी दिसली की लोहाची कमतरता किंवा थॅलेसेमिया (हिमोग्लोबिनची साखळीच कमी बनण्याचा आनुवंशिक आजार), या दोन शंका आधी घ्यायच्या. मुलाचं फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा आकडा, ठीक होतं.

मग आईचा जुना सीबीसी मागितला. गरोदरपणातला कागद घरच्यांनी जपून ठेवला होता. हिमोग्लोबिन १०.२, एमसीव्ही ६३, आणि लाल पेशींची संख्या ५४ लाख. रक्त कमी असताना पेशींची संख्या चढी, हे लोहाच्या कमतरतेचं वागणं नाही. लोह कमी पडलं तर पेशी बारीकही होतात आणि संख्येनेही घटतात. एमसीव्हीला दशलक्षातल्या पेशीसंख्येने भागायचं, उत्तर १३ च्या खाली आलं तर थॅलेसेमियाचा संशय घ्यायचा, हा जुना आडाखा आहे. इथे उत्तर येतं ११.७. तरी तिला लोहाच्या गोळ्याच दिल्या गेल्या, आणि ‘रक्त वाढत नाही’ म्हणून आणखी गोळ्या.

तिघांचं रक्त एचपीएलसीसाठी घेतलं. या यंत्रात हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे होऊन आलेखावर शिखरांसारखे दिसतात. वडिलांचं एस, म्हणजे सिकलचं हिमोग्लोबिन, ३४ टक्के, बाकी बहुतेक ए, म्हणजे नेहमीचं. थोडक्यात, साधा वाहक. आईच्या आलेखात एस अजिबात नाही, पण ए२ हा प्रकार ५.३ टक्के. तो साडेतीनच्या आत असावा लागतो. ती बीटा थॅलेसेमियाची वाहक होती. सोल्युबिलिटी चाचणीने तिला निगेटिव्ह ठरवलं त्यात चाचणीचं काहीच चुकलं नाही. ती चाचणी फक्त हिमोग्लोबिन एस आहे का एवढंच विचारते. थॅलेसेमिया तिला दिसतच नाही.

आपल्या शहरात थॅलेसेमिया म्हटलं की जरीपटक्याची सिंधी वस्ती आणि सिकल म्हटलं की गडचिरोली-भंडाऱ्याकडची गावं, असं डोक्यात घट्ट बसलेलं आहे. सिंधी समाजात थॅलेसेमियाची जागरूकता चांगली आहे, लग्नाआधी तपासणी होते. पण म्हणून तो बाकीच्या घरांत नसतो असं कसं होईल? मध्य भारतात सिकल आहे हे १९५८ पासून नोंदलेलं आहे. नागपूरच्या मेडिकल, मेयो, डागा या रुग्णालयांत त्याच्या तपासण्या वर्षानुवर्षं चालू आहेत. १ जुलै २०२३ ला शहडोलहून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने सिकलची तपासणी गावोगावी नेली, ही फार मोठी गोष्ट आहे. मात्र सिकलसाठी निगेटिव्ह आलेल्या व्यक्तीचा ए२ तपासायचा राहतो, आणि ज्या जोडप्यात एक जण एएस आहे तिथे तोच आकडा निर्णायक असतो.

आता मुलाचा आलेख. एस ६९.५ टक्के. एफ, म्हणजे गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन, २०.१. ए२ ५.७. आणि ए च्या जागी एक बुटकं शिखर, ४.२ टक्के.

मला या प्रकरणात सर्वात महत्त्वाचं काही वाटलं असेल तर ते हे बुटकं शिखर. एसएस मुलात हिमोग्लोबिन ए असायलाच नको, कारण ए बनवणारं जनुकच त्याच्याकडे नसतं. मग हे चार टक्के कुठून आले? मुलाला रक्त कधीच चढवलेलं नव्हतं, म्हणजे दात्याचं ए नव्हे. अर्थात नुसत्या शिखरावर विसंबणंही बरोबर नाही. सिकलच्या नमुन्यात हिमोग्लोबिन एसचंच थोडं बदललेलं रूप त्या जागी डोकावतं, आणि एसमुळे ए२ चा आकडाही फुगून दिसतो. इलेक्ट्रोफोरेसिसच्या पट्टीवर चार टक्क्यांची रेघ तर नजरेतून सहज सुटते. पण बारक्या पेशी, आईचा ए२ आणि हे शिखर, तिन्ही एकत्र ठेवल्यावर दिशा स्पष्ट होती: मुलगा एसएस नाही. त्याला सिकल-बीटा थॅलेसेमिया आहे. वडिलांकडून सिकलचं जनुक, आईकडून थॅलेसेमियाचं.

आणि ए थोडं तरी बनतंय, याचा अर्थ आईकडून आलेलं जनुक पूर्ण बंद नाही. ते अडखळत का होईना, चालतं.

पाचवं अक्षर

आईच्या आणि मुलाच्या डीएनएची तपासणी केली. भारतात बीटा थॅलेसेमियाची जी उत्परिवर्तनं वारंवार सापडतात ती आधी शोधायची, हा रिवाज. दोघांतही त्यातलं सर्वात जास्त आढळणारं मिळालं: बीटा ग्लोबिन, म्हणजे हिमोग्लोबिनची एक साखळी बनवणाऱ्या जनुकाच्या पहिल्या इंट्रॉनमध्ये (प्रथिनाचा मजकूर नसलेल्या मधल्या तुकड्यात) पाचव्या जागी जी या अक्षराऐवजी सी. नव्या पद्धतीने लिहायचं तर सी.९२+५ जी>सी. मुलात याशिवाय वडिलांकडचा सिकलचा बदलही होता, सहाव्या कोडॉनमध्ये, म्हणजे तीन अक्षरांच्या सहाव्या गटात, जीएजी ऐवजी जीटीजी.

हे दोन बदल शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. सिकलचा बदल प्रथिनाच्या मजकुरातच आहे. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येतं, आणि तयार होणारं हिमोग्लोबिनच वेगळं असतं. आईकडचा बदल प्रथिनाच्या मजकुरात नाहीच. एकही अमिनो आम्ल बदलत नाही. तो ज्या भागात आहे तो भाग पेशी कापून फेकून देते. फेकून द्यायच्या तुकड्यातलं एक अक्षर बदललं तर मूल आजारी का पडावं?

इथे जनुकापासून प्रथिनापर्यंतचा मधला टप्पा समजून घ्यावा लागतो. बीटा ग्लोबिनचं जनुक ११ व्या गुणसूत्रावर आहे. साधारण १६०० अक्षरांचं, म्हणजे जनुकांच्या जगात अगदी छोटं. त्यात तीन एक्सॉन, म्हणजे अंतिम संदेशात राहणारे तुकडे, आणि दोन इंट्रॉन. पहिला इंट्रॉन १३० अक्षरांचा, दुसरा ८५० चा. प्रतिलेखन होतं, म्हणजे डीएनएवरून आरएनएची नक्कल बनते, तेव्हा आरएनएमध्ये सगळंच उतरतं (फक्त डीएनएतल्या टी च्या जागी यू येतो), एक्सॉनही आणि इंट्रॉनही. या कच्च्या आरएनएच्या एका टोकाला टोपी बसते, दुसऱ्या टोकाला ए-ए-ए अशी लांब शेपटी लागते, आणि मधले इंट्रॉन कापले जाऊन एक्सॉन एकमेकांना जोडले जातात. हेच स्प्लायसिंग. पुस्तकात ते प्रतिलेखनानंतरची पायरी म्हणून येतं, पण बरंचसं काम आरएनए अजून तयार होत असतानाच सुरू झालेलं असतं. पिकून तयार झालेला संदेश केंद्रकाबाहेर जातो, आणि त्यावरून १४६ अमिनो आम्लांची बीटा साखळी विणली जाते.

जनुक असं तुकड्या-तुकड्यांत असतं हे १९७७ पर्यंत कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. त्या वर्षी फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांच्या गटांनी ॲडिनोव्हायरस या विषाणूचा आरएनए त्याच्या डीएनएशी जुळवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. आरएनएशी जोडी न जुळलेला डीएनए वेटोळी करून बाहेर लोंबत होता. तेवढा मजकूर आरएनएमधून गायब होता. दोघांना १९९३ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. सुझन बर्गेट आणि लुईस चाऊ यांचाही या प्रयोगांत मोठा वाटा होता, तो विद्यार्थ्यांना सांगितला जात नाही याची मला खंत वाटते.

आता कापायचं कुठे हे पेशीला कसं कळतं? जवळजवळ प्रत्येक इंट्रॉन जी-यू ने सुरू होतो आणि ए-जी ने संपतो. पण आरएनएमध्ये जी-यू पावलोपावली येतं. तेवढ्या खुणेवर कापलं तर चिंध्या होतील. म्हणून आजूबाजूची अक्षरंही वाचली जातात, आणि वाचण्याचं पहिलं काम करतो यू१ नावाचा छोटा आरएनए, काही प्रथिनांना बरोबर घेऊन. १९८० साली मायकेल लर्नर, जोन स्टाइट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की यू१ च्या टोकाची अक्षरं इंट्रॉनच्या सुरुवातीच्या अक्षरांना पूरक आहेत. म्हणजे यू१ तिथे जोड्या जुळवून बसतो. विशेष म्हणजे हे छोटे आरएनए-प्रथिन कण त्यांच्या हाती लागले ते ल्युपस या आजाराच्या रुग्णांच्या रक्तातल्या प्रतिपिंडांमुळे. ज्या प्रतिपिंडांनी त्या रुग्णांचं शरीर स्वतःवरच उलटलं होतं, त्यांनीच पेशीतलं हे यंत्र पकडून दिलं.

यू१ ला सर्वात पसंत पडणारी जागा अशी असते, उभी रेघ म्हणजे कापायची जागा:

सी-ए-जी | जी-यू-ए-ए-जी-यू

बीटा ग्लोबिनच्या पहिल्या इंट्रॉनची खरी जागा अशी आहे:

सी-ए-जी | जी-यू-यू-जी-जी-यू

आणि आईकडून आलेली जागा अशी:

सी-ए-जी | जी-यू-यू-जी-सी-यू

दुसरी ओळ पहिलीशी ताडून पाहा. नऊपैकी पहिली पाच अक्षरं जुळतात, पुढची दोन जुळत नाहीत, शेवटची दोन पुन्हा जुळतात. म्हणजे निरोगी माणसातही ही जागा आदर्श नाहीच. सदऱ्याची वरची पाच बटणं लागलेली, खालची दोन लागलेली, मधली दोन नाहीत, तरी सदरा अंगावर बसलेला राहतो. तिसऱ्या ओळीत खालच्या दोनांपैकी एक गेलं. जी ची यू१ मधल्या सी शी जोडी जमत होती, आणि जी-सी जोडी ए-यू पेक्षा घट्ट असते. जी च्या जागी सी आला की समोरासमोर दोन सी, जोडीच नाही. उरलं एकटं शेवटचं यू. ते काय धरून ठेवणार? यू१ ची पकड ढिली पडते.

पकड बसली तर पुढचं काम ठरल्या क्रमाने होतं. यू२ हा तसाच दुसरा कण इंट्रॉनच्या आत शेवटाकडे असलेल्या एका ठरावीक ए पाशी बसतो. मग यू४, यू५, यू६ एकत्र येतात, यू१ जागा सोडतो आणि त्याच्या जागी यू६ येतो. या सगळ्या जमावाला स्प्लायसोसोम म्हणतात. तो आतला ए इंट्रॉनच्या सुरुवातीवर हल्ला करतो, तिथली साखळी तुटते आणि इंट्रॉनचं टोक त्या ए ला जाऊन चिकटून फास तयार होतो. मोकळा झालेला पहिला एक्सॉन मग दुसऱ्या एक्सॉनला जोडला जातो, आणि फास सुटून बाहेर पडतो. तो पुढे मोडीत निघतो.

यू१ ढिला पडला म्हणून स्प्लायसिंग थांबत नाही. ते भलतीकडे होतं. बीटा ग्लोबिनच्या या जागेच्या आसपास तीन अशा जागा आहेत ज्या दिसायला कापण्याच्या जागेसारख्याच आहेत, पण खरी जागा शाबूत असताना त्यांना कोणी विचारत नाही. एक एक्सॉनमध्ये ३८ अक्षरं मागे, दुसरी १६ अक्षरं मागे, तिसरी इंट्रॉनमध्ये १२ अक्षरं पुढे. खरी जागा दुबळी झाली की या दडलेल्या जागांवर काप पडू लागतो. रिचर्ड ट्रेझमन, स्टुअर्ट ऑर्किन आणि टॉम मनिॲटिस यांनी १९८३ मध्ये थॅलेसेमियाच्या रुग्णांची जनुकं वाढवलेल्या पेशींमध्ये घालून हे पाहिलं. इंट्रॉनच्या पहिल्याच अक्षरात बिघाड असेल तर खरी जागा पूर्ण निकामी होते. पाचव्या किंवा सहाव्या अक्षरात असेल तर तिचं काम कमी होतं, बंद पडत नाही. आणि तिन्ही बिघाडांत त्याच तीन दडलेल्या जागा जाग्या होतात.

१६ अक्षरं मागे कापलं तर काय होतं तेही पाहू. प्रथिनाचा मजकूर तीन-तीन अक्षरांच्या गटांनी वाचला जातो. १६ ला तीनने भाग जात नाही, ३८ लाही नाही. म्हणजे पुढचं सगळं वाचन एक-दोन अक्षरांनी सरकतं, आणि दुसऱ्या एक्सॉनमध्येच अवेळी ‘थांबा’ येतो. अशा अवेळी थांबणाऱ्या संदेशांवर पेशीची नजर असते, ती ते बहुतेक नष्टच करते. त्यामुळे बिघडलेली साखळी बनते असं नाही, साखळी बनतच नाही. इंट्रॉनमध्ये पुढे कापलं तर बारा अक्षरं जास्तीची आत शिरतात. बाराला तीनने भाग जातो, पण चार परकी अमिनो आम्लं मध्येच घुसलेल्या साखळीचा हिमोग्लोबिनला उपयोग नाही.

आणि कधीकधी, ढिल्या पकडीतही, यू१ बरोबर जागी टिकून राहतो. तेव्हा अगदी शुद्ध, निर्दोष बीटा साखळी तयार होते. मुलाच्या आलेखातलं ४.२ टक्क्यांचं बुटकं शिखर म्हणजे बरोबर पार पडलेल्या स्प्लायसिंगची बेरीज. कागदावर ज्याला कोणी मोजलं नाही, तो आईचा वाटा होता.

भारतात वारंवार आढळणारी पाच उत्परिवर्तनं नेहमी एकत्र सांगितली जातात: इंट्रॉन १ मधलं पाचवं अक्षर, त्याच इंट्रॉनचं पहिलं अक्षर, ६१९ अक्षरांचा गाळलेला तुकडा, कोडॉन ८-९ मध्ये घुसलेलं एक अक्षर आणि कोडॉन ४१-४२ मधली गळालेली चार. पाचांपैकी दोन सरळ-सरळ स्प्लायसिंगची, आणि त्यातलं एक देशात सर्वाधिक. ईशान्येकडे आणि बंगालमध्ये मिळणारं हिमोग्लोबिन ई सुद्धा अर्धं स्प्लायसिंगचंच प्रकरण आहे. त्यात कोडॉन २६ मधला बदल अमिनो आम्ल तर बदलतोच, शिवाय ती १६ अक्षरं मागची दडलेली जागा यू१ ला जास्त आवडेल अशी करून ठेवतो. म्हणून ‘इंट्रॉनमधला बदल, प्रथिनात फरक नाही’ असं वाचून पुढे जाणाऱ्या डॉक्टर मित्रांना माझं कळकळीचं सांगणं आहे की एक्सॉनच्या सीमेजवळची अक्षरं थांबून वाचा.

घरच्यांना काय सांगितलं

आई, वडील आणि आजी तिघांना एकत्र बसवलं. एकट्या आईला आधी भेटून विचारलं होतं, आजीसमोर सांगू का? ती म्हणाली, “त्यांच्यासमोरच सांगा मॅडम. बोलायचं ते सगळ्यांसमोर झालं, तर ऐकायचंही सगळ्यांसमोर होऊ द्या.”

कागदावर दोन उभ्या रेघा काढल्या, मुलाची ११ व्या गुणसूत्राची जोडी. एकीवर ‘बाबांकडून: सिकल’. दुसरीवर ‘आईकडून: थॅलेसेमिया’. वडिलांनी विचारलं, “म्हणजे एसएस नाहीच हा? मंग तो रिपोर्ट खोटा?” खोटा नाही, अपुरा, असं सांगितलं. दोन्ही रेघांचा हिशेब लागला, एकही रेघ बेवारस राहिली नाही. डीएनएची पितृत्व चाचणी करावी का, असं एका नातेवाइकाने फोनवर सुचवलं होतं. ती आम्ही केली नाही. जो प्रश्न एका अर्धवट रिपोर्टमधून उभा राहिला होता, तो पूर्ण रिपोर्टने संपला. हे उत्परिवर्तन देशात इतकं जास्त आहे की ते आई-मुलात सापडणं ही काही बाळाची ओळखपरेड नव्हे, हेही मी स्पष्ट सांगितलं. पण ‘आई निगेटिव्ह असून मूल असं कसं’ या कोड्यावरच सगळी शंका उभी होती, आणि ते कोडंच राहिलं नव्हतं. आजी बराच वेळ कागदाकडे पाहत राहिल्या. मग सुनेला म्हणाल्या, “तुही टेस्ट तवाच पुरी केली असती तं इतकं झालं नसतं.” माफी मागण्याची त्यांची ही रीत असावी. सूनबाईने मान हलवली, बोलली काही नाही.

मग वडिलांनी विचारलं, जे प्रत्येक बाप विचारतो: कापण्याची जागा चुकते एवढंच आहे, तर ती जागा दुरुस्त करणारं औषध नाही का? प्रश्न अगदी रास्त आहे. स्प्लायसिंग वळवणारं औषध जगात आहे. स्पायनल मस्क्युलर ॲट्रोफी या आजारासाठी नुसिनर्सेन २०१६ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, ते आरएनएला चिकटून एक सुटणारा एक्सॉन आत घ्यायला लावतं. पण या मुलाच्या पाचव्या अक्षरासाठी असं औषध दवाखान्यात मिळत नाही. त्याचे उपचार सिकलचेच आहेत: हायड्रॉक्सीयुरिया, ज्याने एफ वाढतं, फॉलिक ॲसिड, लहानपणी पेनिसिलीन आणि न्यूमोकॉकसची लस. नागपूरच्या उन्हाळ्यात पाणी कमी पडू द्यायचं नाही, ताप आला की घरी वाट पाहायची नाही. मुलाची प्लीहा तीन सेंटिमीटर हाताला लागत होती. एसएस मुलांत ती लवकर आक्रसते, सिकल-थॅलेसेमियात बरीच वर्षं मोठी राहते आणि अचानक रक्त साठून फुगूही शकते. म्हणून बालरोगतज्ज्ञांनी आईला पोटावर हात ठेवून ती चाचपायला शिकवलं. बरोबर निदानाचा हा रोजचा, हाताला लागणारा फायदा.

पुढे

पुढच्या प्रत्येक गरोदरपणात चार शक्यता, प्रत्येकी २५ टक्के: पूर्ण निरोगी, फक्त सिकल वाहक, फक्त थॅलेसेमिया वाहक, किंवा या मुलासारखं दोन्ही. पहिलं मूल आजारी झालं म्हणून पुढची तीन सुटतात असं नाही, हे दोनदा सांगावं लागलं. आई-वडील दोघांचे बदल आता अक्षरनिशी माहीत असल्यामुळे अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेचा नमुना घेऊन गर्भाची तपासणी करता येईल. करायची की नाही, हे त्यांनी ठरवायचं. त्यांनी अजून ठरवलेलं नाही.

बालरोगतज्ज्ञांना पाठवलेल्या पत्रात निदान बदलून लिहिलं: सिकल-बीटा थॅलेसेमिया, बीटा प्लस प्रकार (म्हणजे थोडं ए बनणारा), इंट्रॉन १ चं पाचवं अक्षर. खाली एक विनंती जोडली की मुलाच्या कार्डावरचा ‘एसएस’ शिक्का बदलून घ्यावा, नाहीतर पुढे शाळेत, दुसऱ्या दवाखान्यात, तेच कोडं पुन्हा उभं राहील.

आईचा धाकटा भाऊ भंडाऱ्याहून येऊन तपासून गेला. एमसीव्ही ६४, ए२ ५.१. तोही वाहक. त्याचं लग्न ठरतंय. मुलीकडच्यांनी पाठवलेल्या बायोडेटाच्या मागे ‘सिकलसेल: एएस’ असं प्रामाणिकपणे लिहिलेलं आहे, आणि मुलाच्या बायोडेटावर ‘सिकलसेल: निगेटिव्ह’. दोन्ही घरांना एकत्र बोलावलं आहे, या वेळी लग्नाआधी.